मोटार ऑटोवर, नजर साक्षीवर

१ फेब्रुवारी २०१३. सकाळी.

आजपासून रोजनिशी. नियमित. पायलटचं लायसन्स हातात येऊन दोन वर्षं झाली, कंपन्यांची भरती बंद, त्यामुळे लॉगबुकात लिहायला काही नाही. निदान इथे लिहावं.

संकल्प: पहाटे उठणे. रोज एक चॅप्टर वाचणे. शेजारचे केशोरावकाका 'कधी उडवतोस गा विमान' म्हणाले की चिडायचं नाही. साक्षी गजभियेचा विचार करायचा नाही.

शेवटचा संकल्प उगाच लिहिला. मी तिचा विचार करतच नाही.

२ फेब्रुवारी. दुपारी.

उठायला उशीर झाला. थंडी फार होती. योगेश्वरी कॉलेजातून आली आणि न विचारता सांगितलं की साक्षीताई लायब्ररीत दिसली, पहाटे फिरायलाही जाते म्हणे. मी म्हणालो, मला काय त्याचं. मग विचारलं, पुस्तक कुठलं होतं. योगेश्वरी म्हणाली, निळं. बहिणीला साधं निरीक्षण जमत नाही.

६ फेब्रुवारी.

साक्षीबद्दल एकदा नीट लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यातून जाईल. बिरसी विमानतळावरच्या पायलट ट्रेनिंगला आमच्या बॅचमध्ये आपल्या जिल्ह्याचे आम्ही दोघंच. मी, लोकेंद्र पटले. आणि ती, गोंदियाच्या रेल्वे क्वार्टरमधली. तिचे वडील देवीदास गजभिये मालगाडी चालवतात. ड्रायव्हरला आता लोको पायलट म्हणतात, म्हणजे त्यांच्या घरात आधीपासूनच एक पायलट. स्पर्धा इथूनच बरोबरीची नाही.

तिची एक सवय आहे. कॉकपिटमध्ये बसली की काट्याकडे बोट दाखवून मोठ्याने बोलायची. हाइट, अमुक. स्पीड, तमुक. हे वडिलांकडून आलेलं. रेल्वेत सिग्नल दिसला की ड्रायव्हर हात करून 'हिरवा' म्हणतो, मग असिस्टंटने स्वतः बघून 'हिरवा' म्हणायचं. बघितल्याशिवाय परत म्हणायचं नाही. गजभियांच्या घरात गॅस बंद केला तरी असंच चालतं म्हणे. मी एकदा हसलो होतो, विमान काय मालगाडी आहे का म्हणून. तर इन्स्ट्रक्टर मलाच म्हणाले, हसू नको, शीक तिच्याकडून. सगळ्या बॅचसमोर.

मी ते कधीच विसरलो.

११ फेब्रुवारी.

आजचा चॅप्टर: सिच्युएशनल अवेअरनेस. आपल्याभोवती काय चाललंय ते बघणे, त्याचा अर्थ लावणे, पुढे काय होणार ते ओळखणे. मोठ्या विमानात सगळं ऑटोवर असतं, म्हणून पायलटचं लक्ष ढिलं पडतं, असं पुस्तक म्हणतं. मला हे पटत नाही. ऑटो आहे म्हणूनच डोकं महत्त्वाच्या गोष्टींसाठी मोकळं राहतं. आणि माझा अवेअरनेस मुळातच उत्तम आहे. उदाहरणार्थ, साक्षीच्या स्कूटीचं पुढचं टायर बदललंय, तिने मेडिकल रिन्यू केलं, आणि तिला आठवडाभर खोकला होता. हे सगळं मला घरबसल्या माहीत आहे.

१५ फेब्रुवारी. संध्याकाळी.

मोठं काम केलं. बोरच्या मोटारीला ऑटो बसवला.

उन्हाळी धान, म्हणजे भात, लावलाय. विजेची लाइन कधी येईल त्याचा नेम नाही. आली की बाबूजी ताटावरून उठून चप्पल शोधत बांधीकडे, म्हणजे धानाच्या शेताकडे, पळतात. आता लाइन आली की मोटार आपोआप सुरू. शिवाय मी बांबूवर एक बल्ब लावलाय. मोटार चालू असली की पेटतो. घराच्या गच्चीवरून दिसतो. याला इंडिकेशन म्हणतात.

बाबूजींनी विचारलं, मोटार चालू हाय ते समजलं, पण पाणी कुठं जाऊन राह्यलं ते कोण पाहील? मी म्हणालो, पाणी उताराने जातं बाबूजी. ते बल्बकडे बघून घरात गेले. मनातून खूश असावेत.

२० फेब्रुवारी.

गच्चीवरून बल्ब बघितला. पेटलेला. सर्व नॉर्मल.

२ मार्च. सकाळी १० वाजता.

ई-मेल आला. एका विमान कंपनीने हैदराबादला सिम्युलेटर टेस्टला बोलावलंय. मी तीनदा वाचला, मग मायला वाचून दाखवला. मायने देवाजवळ साखर ठेवली. बाबूजी केशोरावकाकांच्या घरी सांगायला गेले ते तासाभराने आले, म्हणजे काकांना मोठ्या विमानाचे पंखसुद्धा समजावून आले असणार.

दुपारी २ वाजता.

साक्षीलाही बोलावलंय. तोच दिवस, तीच वेळ. योगेश्वरीने सांगितलं. मला आनंदच झाला. जेवलो नाही, पण ते वांग्याची भाजी होती म्हणून.

३ मार्च.

विचार केला. दोघांना एकाच वेळी बोलावलंय, म्हणजे उघड आहे. जोडी लावणार, तुलना करणार, एकाला घेणार. एका जिल्ह्यातून दोघं कोण घेतो? असं कुठे लिहिलेलं नाही, पण काही गोष्टी अनुभवाने कळतात.

७ मार्च.

घरी कॉकपिट तयार केलं. तांदळाच्या कोठीवर लॅपटॉप, मागच्या भिंतीला मोठ्या विमानाच्या पॅनलचं पोस्टर, बसायला मांडववाल्याची राहिलेली खुर्ची. नागपूरवरून छान अप्रोच चालू होता. पण माय आली आणि म्हणाली, तुझं इमान उचल बाबू, मले तांदूळ काढाचे आहेत. मी सांगितलं, आत्ता फायनलवर आहे, विमान उतरतंय, थांबता येत नाही. ती म्हणाली, कुकर लावाचा हाय, मलेई थांबता येत नाही.

विमान अर्ध्यात सोडलं. पण ऑटोपायलट चालू ठेवला होता. परत येऊन पाहिलं तर रायपूरच्याही पुढे गेलं होतं, अगदी सरळ, न डगमगता. ऑटोवरचा विश्वास वाढला.

१० मार्च.

साक्षीचा फोन. म्हणाली, आपल्याला एकाच जोडीत ठेवलंय, एकत्र प्रॅक्टिस करू. मी म्हणालो, शेतीची कामं आहेत. ती म्हणाली, निदान एकदा घरी ये, काटे बघून बोलायचे कॉलआउट तरी जमवून घेऊ. ही युक्ती मी ओळखली. माझी तयारी किती ते बघायचंय तिला.

जाणार. तिची तयारी किती ते बघायला.

१२ मार्च. संध्याकाळी.

गेलो. साक्षीच्या आईने, अंजनाकाकूंनी, चिवडा दिला, हालहवाल विचारला. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून दोन खुर्च्या शेजारी शेजारी ठेवलेल्या. एकीत साक्षी, दुसरीत देवीदासकाका. रात्रपाळी करून आलेले, डोळे लाल. समोर भिंतीवर हाताने काढलेलं पॅनल. साक्षी बोट दाखवून म्हणाली, स्पीड. काका पुढे वाकले, चित्रातल्या काट्याकडे बघितलं आणि मग म्हणाले, चेक्ड. चित्रातला काटा तो, हलणार कुठे? तरी प्रत्येक वेळी वाकून बघत होते.

माझ्या बाबूजींना अजून वाटतं की विमानाला हॉर्न असतो. माझ्या शेजारच्या खुर्चीत कोणी बसलं नाही कधी. खुर्चीच एक आहे.

मी आणखी चिवडा मागितला. भूक असावी.

काका उठले आणि म्हणाले, बस बेटा, आता तू. मी बसलो. साक्षी म्हणाली, स्पीड. मी ताबडतोब म्हणालो, चेक्ड. तिच्या वडिलांपेक्षा कितीतरी लवकर. ती म्हणाली, बघ तर आधी. मी म्हणालो, चित्र आहे ते. ती हसली. मी हसलो नाही.

१३ मार्च.

खरं लिहितो, इथे कोण वाचणार आहे. जळतो मी. तिला मिळालं आणि मला नाही मिळालं तर मी या गावात कोणत्या तोंडाने राहू? बाबूजी प्रत्येक लग्नात सांगतात, आमचा लोकेंद्र पायलट आहे. पाहुणे विचारतात, कुठे असतो. बाबूजी म्हणतात, सध्या घरीच आहे.

उद्यापासून कसून अभ्यास.

१८ मार्च. सकाळी.

घरात तणाव. आपल्या बांधीला भेगा पडल्या, धान पिवळा पडला. मी ताबडतोब गच्चीवरचा रेकॉर्ड सांगितला: बल्ब रोज पेटलेला, सर्व नॉर्मल. बाबूजी मला हाताला धरून घेऊन गेले. मोटार चालू होती. पाणी धो धो पडत होतं. धुऱ्याला, म्हणजे बांधाला, उंदराने भोक पाडलेलं आणि सगळं पाणी खालच्या बांधीत, म्हणजे केशोरावकाकांच्या. काकांचा धान बघण्यासारखा हिरवागार.

मी समजावून सांगितलं की ऑटोने आपलं काम चोख केलं, दोष धुऱ्याचा आहे. बाबूजी म्हणाले, धुऱ्याले कोण पाहाचं होतं? मी म्हणालो, टेस्ट तोंडावर आहे, मला मानसिक ताण देऊ नका.

दुपारी केशोरावकाका आले. बाबूजींना म्हणाले, मी तं समजलो डोमनलालभाऊ, तुमी मुद्दाम पाणी सोडून राह्यले, मनातल्या मनात आशीर्वाद देऊन राह्यलो होतो. चहा पिऊन गेले. दोन कप.

२५ मार्च. रेल्वेत.

हैदराबादकडे. साक्षी आणि काकू पुढच्या डब्यात. मी मुद्दाम वेगळा डबा घेतला, एकाग्रतेसाठी. नागपूरला उतरून त्यांच्या खिडकीवरून एक चक्कर मारली. साक्षी झोपली होती. टेस्टच्या आधी झोपणं म्हणजे एकतर भीती नाही, नाहीतर अभ्यास पूर्ण झालाय. दोन्ही वाईट. मग मला झोप लागली नाही.

२६ मार्च. सकाळी, टेस्टच्या आधी.

ब्रीफिंग झालं. परीक्षक एक वयस्क कॅप्टन, शांत माणूस. त्यांनी बरंच सांगितलं, जोडी कशी बघणार, निवड कशी होणार वगैरे. सगळं ऐकता आलं नाही, कारण साक्षी लिहून घेत होती आणि एवढं काय लिहिते ते मी बघत होतो. अक्षर बारीक आहे तिचं. पण मुद्दा मला माहीत आहे: आम्ही दोघं, जागा एक.

तिचे बूट नवीन आहेत.

२६ मार्च. दुपारी, हॉटेलात.

लगेच लिहून ठेवतो, म्हणजे नंतर कोणी वेगळं सांगू नये.

आधी साक्षीने उडवलं, मी शेजारी. कॅप्टननी तिला ऑटो बंद करून हाताने उडवायला सांगितलं. तिने उडवलं. ठीक होतं. कॅप्टन म्हणाले, नाइस. आवाजात गरजेपेक्षा जास्त कौतुक होतं.

मग मी. माझं विमान ऑटोवर, इंजिनाची ताकदही ऑटोवर, सगळं छान. मला वाटलं, आपणही थोडं हाताने करून दाखवावं. कोणी सांगितलं नव्हतं, पण आत्मविश्वास दिसतो. इंजिनाचा ऑटो बंद केला, लिव्हर स्टाइलमध्ये मागे ओढली. विमान खाली आलं, ठरलेल्या हाइटवर ऑटोपायलटने बरोबर सरळ केलं, लिव्हर मागेच होती. मी मागे वळून एक नजर टाकली. कॅप्टन लिहीत होते. माझ्याबद्दल की साक्षीबद्दल, तेवढं बघायचं होतं.

तेवढ्यात साक्षीचं बोट. स्पीड, म्हणाली. मी चेक्ड म्हणालो. मला ठाऊक होतं, हे कॅप्टनना ऐकवायला आहे. थोड्या वेळाने पुन्हा बोट, या वेळी जोरात: लोकेंद्र, स्पीड. मी तिच्यापेक्षा जोरात म्हणालो, चेक्ड.

मग हातातला दांडा थरथरायला लागला. स्पीड फार पडला की तो असा थरथरतो, हे पुस्तकात आहे, पण मला वाटलं टर्ब्युलन्स दिलं असेल परीक्षेसाठी, म्हणून चेहरा शांत ठेवला. साक्षीने 'आय हॅव कंट्रोल' म्हणून माझ्या हातातून विमान घेतलं, नाक खाली दाबलं, इंजिन पूर्ण दिलं. विमान सावरलं. ते असंही सावरलं असतं.

कॅप्टननी सिम्युलेटर थांबवला. शांतपणे विचारलं, स्पीड कोण सांभाळत होतं? मी म्हणालो, ऑटो. त्यांनी विचारलं, ऑटो कोणी बंद केला? मी साक्षीकडे पाहिलं.

एकूण टेस्ट चांगली गेली. माझा संयम दिसला असेल आणि तिचा आगाऊपणा. परीक्षेत दुसऱ्याच्या हातातलं विमान ओढून घेणं कोणाला आवडत नाही.

२७ मार्च. परतीची रेल्वे.

साक्षी माझ्या डब्यात आली, काकूंनी दिलेला डबा घेऊन. काहीतरी बोलायचं होतं तिला. मी झोपेचं सोंग घेतलं. ती डबा ठेवून गेली. पुरी-भाजी होती. चांगली होती, हे खेदाने नोंदवतो.

९ एप्रिल. दुपारी १ वाजता.

निकाल आला. साक्षीला घेतलं.

संध्याकाळी.

मला घेतलं नाही, हे वर लिहायचं राहिलं.

बाबूजी बराच वेळ अंगणात उभे होते. वरून बिरसीचं ट्रेनिंगचं विमान गेलं तर नेहमीसारखं वर बघितलंही नाही. जेवताना एवढंच म्हणाले, केशोराव पुसून राह्यला होता, काय झालं म्हणून. मायने मला दुसऱ्यांदा वरण वाढलं. हे मला सर्वांत जास्त लागलं.

मी चूक केली नाही. मशीनने दगा दिला, आणि शेजारी बसलेल्या माणसाला स्वतःचं चमकवायचं होतं. एक जागा म्हटलं की माणसं बदलतात.

१४ एप्रिल.

जयंतीचा दिवस. गोंदियात साक्षीचा सत्कार. जायचं नव्हतं. योगेश्वरीने गाडीची किल्ली हातात दिली आणि म्हणाली, चालव, तेवढं तरी चालव.

चौकात निळे झेंडे, आणि साक्षीचा मोठा बॅनर. युनिफॉर्ममधला फोटो. खांद्यावर चार पट्टे लावलेत. नव्या पायलटला इतके नसतात. मी आयोजकांच्या लक्षात आणून दिलं. ते म्हणाले, पुढं लागतीलच ना गा.

देवीदासकाकांनी मला गर्दीतून ओढून स्टेजवर नेलं आणि माइकवर सांगितलं, हा लोकेंद्र, माह्या पोरीचा जोडीदार, हा बी पायलटच आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला दुसऱ्या कोणत्याही जिल्ह्यात असायला आवडलं असतं.

खाली उतरल्यावर साक्षीने गाठलं. मी तयारच होतो. म्हणालो, अभिनंदन, एकच जागा होती, तुला मिळाली. ती म्हणाली, एकच कुठे? कॅप्टननी ब्रीफिंगमध्येच सांगितलं नव्हतं का, जोडी चांगली चालली तर दोघांना घेणार, आणि मार्क एकमेकांना कसं सांभाळता त्याचे? मी लिहून घेतलं होतं की. तू तर माझ्या वहीकडेच बघून राहिला होतास.

मग म्हणाली, मी दोनदा सांगितलं तुला. दुसऱ्यांदा तर नाव घेऊन. तेव्हाच हात घालायला हवा होता मी. पण तू चेक्ड म्हणालास. आमच्या घरी पाहिल्याशिवाय कोणी चेक्ड म्हणत नाही, म्हणून मला वाटलं, पाहिलं असशील.

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्यासाठी. मला ते बघवलं नाही, म्हणून बॅनरकडे बघितलं. तिथेही तीच.

१५ एप्रिल.

काही लिहायचं नाही.

१७ एप्रिल.

दोघांना घेणार होते.

२२ एप्रिल. सकाळी, बांधीच्या धुऱ्यावर.

नवीन सुरुवात. मोटारीचा ऑटो मी स्वतः काढला. बल्बचा बांबू मायने वालाचा वेल चढवायला नेला. आता लाइन आली की मी येतो, बाबूजींनी घरी बसायचं. त्यांनी विचारलं, जमंल का तुले? मी म्हणालो, बाबूजी, मी आता बदललोय.

आणि खरंच बदललोय. आज पद्धतशीर केलं. बोट दाखवून, मोठ्याने. मोटार, चालू. पाणी, बांधीत. धुरा, सलग. प्रत्येक गोष्ट वाकून बघितली, मगच म्हटलं. शेजारच्या बांधीतल्या बाया निंदण थांबवून हसत होत्या. हसोत. फार बरं वाटलं, महिन्याभरात पहिल्यांदा. हा माणूस मोठं विमान चालवू शकतो, असं आतून वाटलं. पुढची भरती निघाली की मीच साक्षीला फोन करणार, आपण होऊन, आणि म्हणणार, प्रॅक्टिसला येतो.

आत्ता डोक्यावरून बिरसीचं विमान गेलं. साक्षीचं ट्रेनिंग या आठवड्यात सुरू झालं असेल. मोठं जेट. योगेश्वरी म्हणते, तिकडे हॉस्टेलात एसी आहे. तिच्या जोडीला कोण असेल? कोणीतरी पुण्या-मुंबईचा, इंग्रजी फाडफाड बोलणारा. ती बोट दाखवून स्पीड म्हणेल आणि तो बघून चेक्ड म्हणेल, आणि तिला वाटेल, किती चांगला जोडीदार आहे. बघून चेक्ड म्हणण्यात काय मोठं आहे? कोणीही म्हणेल. शेवटी तिला मिळालं ते नशिबाने, आणि वडील रेल्वेत असल्यामुळे. हा मुद्दा नीट मांडायला हवा, सविस्तर, पहिल्यापासून.

पलीकडून केशोरावकाका ओरडून विचारत आहेत, काय गा लोकेंद्र, धुरा पाह्यला का? मी हात वर करून चेक्ड म्हणालो.

तर पहिला मुद्दा, तिचे वडील. पाय ओले लागत आहेत. का, ते एवढा पॅरा संपवून बघतो.